वरल्या वळणावरचा काटा

वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी गॅरेजमधल्या गमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. गमती नव्हत्या असं नाही. पस्तीस वर्षं धुळ्याला, हायवेच्या कडेला, मोठ्या गाड्यांखाली झोपून काढली. इतक्या वर्षांत माणूस पुष्कळ पाहतो. पण आता निवृत्त होऊन जळगावला मुलीकडे राहतो, दुपारी वाचनालयात बसतो, आणि गॅरेज आठवलं की एकच गाडी आठवते. शेवटी कळवलं की लिहितो, पण त्याच गाडीबद्दल लिहीन.

आधी कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साध्या ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये लोखंडी दाते एकमेकांत अडकतात आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. काही मोठ्या डंपरना मात्र आपोआप बदलणारे गिअर असतात. त्यांना क्लच नसतो. तिथे ताकद पोचवण्याचं काम तेल करतं. दोन पंखे समोरासमोर ठेवलेले, मधे तेल. एक पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरा फिरतो. चढावर भरलेली गाडी ओढताना हे तेल घुसळून घुसळून तापतं. फार तापलं की पातळ होतं, करपतं, त्याची पकड जाते. इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही.

यावर उपाय दोन. गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाचं पसरट भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते काढून जास्त खोल चेंबर बसवायचं. ताटलीतलं दूध लगेच तापतं, तपेलीतल्या दुधाला वेळ लागतो, तसंच हे. दुसरं म्हणजे ड्रायव्हरच्या समोर दोन काटे लावायचे. एक तेल किती तापलंय ते सांगतो, दुसरा तेलाचा दाब सांगतो. पहिल्या काट्याची एक कांडी असते, बोटाएवढी. चेंबरला भोक पाडून ती तेलात बुडेल अशी बसवतात. कांडीला जे कळतं तेच काटा सांगतो.

काट्यांवरून गिऱ्हाइकांच्या तऱ्हा कळतात. एका ड्रायव्हरने काट्यालाच लिंबू-मिरची बांधली आणि मग तक्रार घेऊन आला की आकडे दिसत नाहीत. जामनेरकडचा एक मालक खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मास्तर, काटा लालपर्यंत जाणारच नाही असं काही करता येईल का? ड्रायव्हर लाल बघतो आणि झाडाखाली झोपतो." मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट मी लोकांना हसत सांगायचो.

आता सांगत नाही.

आत्माराम, म्हणजे आमचा आबा, एरंडोलच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा. मी डिप्लोमाला गेलो, तो स्टिअरिंगवर गेला. मला मास्तर म्हणायला त्यानेच सुरुवात केली, मग सगळ्यांनी. लग्न करून कमलवहिनींबरोबर त्याने शिरपूरला घर केलं. उतारवयात स्वतःची गाडी घेतली ती एका धरणाच्या कामावरून लिलावात निघालेला डंपर, बिनक्लचचा. सातपुड्यातल्या वरच्या गावांकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खडी पोचवायची.

पहिल्या दिवशी गाडी घेऊन आला तो खाली उतरायच्या आधीच ओरडला, "मास्तर, हाई गाडीमा डावा पायले कामच नही! त्याले घर ठेई येऊ का?"

"ठेव. कमलवहिनी दाबून देतील."

"ती उजवाबी मोडी दी," असं म्हणून हसत खाली उतरला.

घाटात तेल तापतं, म्हणून तो आला होता. मी जाड पत्र्याचं खोल चेंबर स्वतः बनवलं. कांडी कुठे बसवायची, ते माझ्या पुस्तकात स्पष्ट होतं: मागच्या भिंतीला, खालच्या अंगाला. मी तिथे पंच ठोकून खूण केली. पंच म्हणजे टोकदार छिन्नी. तिच्या टोकाने पत्र्यावर बारीक खळगा पडतो, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मग चेंबर भिंतीशी उभं करून ठेवलं आणि जेवायला गेलो.

श्रावण होता. आबाच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली होती आणि आदल्या दिवशीच तिचं विसर्जन झालं होतं. कमलवहिनी रोटाचा प्रसाद घेऊन आबाबरोबर गॅरेजवर आल्या. मी जेवून परत आलो तेव्हा त्या चेंबरसमोर हात जोडून उभ्या होत्या. तेलात कालवलेल्या कुंकवाने त्यांनी चेंबरवर मोठं स्वस्तिक काढलं होतं. नेमकं मागच्या भिंतीवर. माझी खूण त्याच्या खालच्या कोपऱ्यात, कुंकवाखाली गेली होती.

"भाऊ, कानबाईले लायेल कुंकू शे," त्या म्हणाल्या. "आते काही व्हवाव नही."

मी बारा बुकं शिकलेला माणूस. पण कानबाईच्या कुंकवावर ड्रिल लावायला माझा हात धजेना. 'वहिनी, जरा पुसतो' एवढं म्हणायचं होतं, तेही म्हणालो नाही. चेंबर फिरवलं आणि पुढच्या भिंतीला, थोडं वर, भोक पाडलं. वायर तिथे आणणं सोपंच होतं. कांडी बसवली, तेल भरलं आणि गाडी धुळे-जळगाव रस्त्यावर पारोळ्यापर्यंत चालवून पाहिली. काटा कसा शहाण्यासारखा चालला. तो रस्ता तव्यासारखा सपाट आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आठ महिने गाडी चालली. मग अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी आबाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मास्तर, एक गोट सांगू? हासू नको."

"सांग."

"घाटमा वरलं वळण शे ना, शेंदूरना दगड शेतस तठे. तठे काटा खाले येस."

"खाली? चढावर?"

"हां. भर दुपारना बारा वाजता. इंजिन बोंबलस, माले घाम फुटस, आनि काटा गपचूप खाले येस. तापमा कोनी कपायवर गार हात ठेवस ना, तसा. रोज. त्याच जागावर."

मी विचारलं, "आणि दाबाचा काटा?"

"तो थरथरस," म्हणाला. "जशी त्याले भीती वाटस."

भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. हे खरं सांगतो. गॅरेजमध्ये वेल्डिंग चालू होतं, माणसं बोलत होती, आणि तरी मला आजूबाजूचं ऐकू येईना. क्षणभर मला ती जागा दिसली, जिथे मी कधी गेलो नव्हतो.

फोनवर आबाच्या मागून कमलवहिनींचा आवाज आला, "कानबाईना हात शे तो. भाऊले सांगा, घाबरू नका."

तेल गार होत असेल तर ते घट्ट होतं आणि दाब स्थिर राहतो. दाब थरथरतो म्हणजे तेल पातळ झालेलं असतं. दोन काटे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. एवढं मला कळायला हवं होतं, आणि अर्धंमुर्धं कळलंही होतं. मी म्हणालो, "आबा, अखजी झाली की गाडी घेऊन ये. बघून घेऊ."

"तोवर एकच खेप शे," तो म्हणाला.

त्याच खेपेत, त्याच वळणावर, गाडीची पकड गेली. आबाने हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकाला दगड लावायला खाली उतरला. भरलेल्या गाडीला तो ब्रेक पुरला नाही.

पंचनाम्यात ब्रेक लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. पण गाडी तिथे थांबलीच का, हे कुणी विचारलं नाही.

मला उत्तर तेराव्याला मिळालं. शिरपूरला आबाच्या अंगणात पंगत बसली होती. वाढणाऱ्या बाईने वरणाचं पातेलं माझ्या पानाशी तिरकं केलं. वरण सगळं एका कडेला धावलं आणि दुसऱ्या बाजूची भिंत तळापर्यंत उघडी पडली. मी ते पाहतच राहिलो. गाडी चढाला लागली की पुढून उचलली जाते. तेल मागच्या भिंतीकडे सरकतं. तेच तेल तापून पातळ झालं, की पुढच्या भिंतीतली कांडी नुसती वाफेत लोंबकळते. वरल्या वळणाशी चढ सगळ्यात उभा होता. तिथे कांडीला तेल लागतच नव्हतं, म्हणून काटा खाली येत होता. तेल सगळ्यात जास्त तापायचं, नेमकं तेव्हा तो गारवा सांगायचा. जामनेरच्या मालकाने मागितलेला काटा मी माझ्या मित्राला बसवून दिला होता.

मी पानावरून उठलो. कुणाला काही बोललो नाही. गाडी अंगणाबाहेर ताडपत्रीखाली उभी होती. ती उभी होती तोवर माझ्या गप्प राहण्याने कुणी मरणार नव्हतं. मी असं स्वतःला सांगितलं आणि पुढे गॅरेज दुसऱ्याला देऊन जळगावला आलो.

मागच्या उन्हाळ्यात आबाचा धाकटा भाऊ पंडित जळगावला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. वाचनालयाच्या पायरीवर मला गाठलं. गाडी शिरपूरच्या एका गॅरेजात दुरुस्त करून तो दोन महिन्यांपासून चालवत होता. चेंबर जुनंच, काटे जुनेच.

"मास्तर, माले खरं सांगा," तो म्हणाला. "आबा तठे उभा राहस का?"

"कुठे?"

"वरला वळणवर. काटा खाले येस. वहिनी दर सोमवारले गाडीमा बसस. तठे काटा खाले उना का त्यावर हात ठेवस. म्हनस, आबाना हात शे." त्याने खाली पाहिलं. "माले भ्याव वाटस. पन वहिनीना चेहरा दखा तुम्ही. दोन वरीसमा ती तठेच हासस."

मी त्याला पायरीवर बसवलं आणि वरणाच्या पातेल्यापासून सगळं सांगितलं. स्वस्तिकाचं तेवढं सोडून. कांडी जागेवर बसवल्याशिवाय एकही खेप भरायची नाही, असं बजावलं.

तो हाताचे तळवे चोळू लागला. मग म्हणाला, "काट्याले हात लावू देवाव नही ती. मी सांगी दखं तिले, गाडी इकी टाकू म्हनून. चार दिन जेवनी नही."

"तर मग मी येतो," मी म्हणालो.

शिरपूरला कमलवहिनींच्या ओट्यावर मी जे बोललो ते लिहिणं अवघड आहे. तेल, कांडी, चढ, सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हंजे तो काटा खोटा बोलस?"

"हो, वहिनी."

"पहिलापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग भोक मांगे कसाले नही पाडं तुम्ही?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बसमध्ये मी चार उत्तरं तयार केली होती. "मी चुकलो," एवढंच म्हणालो.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "माले एक डाव परत दखाडा. मंग काढा."

दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन आम्ही तिघं निघालो. घाट मी पहिल्यांदाच पाहत होतो. सागाची पानं गळून खाली वाळली होती, माणूस नाही, पाखरू नाही, आणि ऊन इतकं सरळ की कशाचीच सावली पडत नव्हती. मला कारण ठाऊक होतं. तेराव्यालाच ठाऊक झालं होतं. तरी शेंदराचे दगड दिसले आणि काटा हळूच, कुणी बोटाने दाबावा तसा, खाली उतरू लागला, तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. शेजारी दाबाचा काटा थरथरत होता. वहिनींनी पुढे वाकून काचेवर तळवा ठेवला. ओठ हलले. काय म्हणाल्या ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. पंडित समोर रस्त्याकडे पाहत राहिला.

वळण सरलं. रस्ता सपाट झाला, काटा वर आला. त्यांनी हात काढून घेतला.

घरी आल्यावर मी अंगणातच चेंबर उतरवलं. मागच्या भिंतीवर चिखल आणि तेलाचा बोटभर थर चढला होता. पंडितने डिझेलने तो धुतला. खाली स्वस्तिक होतं. लाल नव्हतं, काळपट झालं होतं, पत्र्यात भाजून बसलं होतं. पण चारही हात शाबूत. पंडित मागे सरकला.

कमलवहिनी खाली बसल्या आणि स्वस्तिकावरून बोट फिरवू लागल्या. एक हात, दुसरा हात. खालच्या कोपऱ्यात बोट अडलं. त्यांनी ते परत तिथे नेलं. बारीक खळगा होता.

"भाऊ, हाई काय शे?"

मी पान्हा उचलून पुसू लागलो.

त्यांनी चेंबर फिरवलं. पुढच्या भिंतीतलं माझं भोक पाहिलं. पुन्हा मागे फिरवलं. बोट खळग्यावर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मला वाटलं, आता या बाई मला विचारतील, 'मना कुंकूमुळे का?' आणि मला नाही म्हणता येणार नाही.

त्यांनी विचारलं नाही. उठून आत गेल्या. कुंकवाचा करंडा घेऊन आल्या, बोटावर कुंकू घेतलं आणि नेमकं त्या खळग्यात टेकवलं.

"आठेच ना?"

"हो, वहिनी."

"पाडा."

मी ड्रिल लावलं. पहिला लोखंडाचा कीस लाल निघाला, मग पांढरा.

पुढचं जुनं भोक बुजवून कांडी नव्या जागी बसवली, आणि त्या आठवड्यात पहिली भरलेली खेप गेली. मी बरोबर होतो, कारण आता काट्यावर माझाच विश्वास नव्हता. वहिनीही बसल्या होत्या. तेल किती लवकर निवतं हे पाहायला मी खालच्या दोन वळणांवर मुद्दाम गाडी थांबवायला लावली. गिअर काढायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि काटा उतरायची वाट पाहायची. दोन्ही ठिकाणी जवळजवळ पंधरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून पाहिलं.

वरल्या वळणाशी पोचलो आणि काटा लालवर टेकला. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. शेंदराचे दगड आले आणि काटा लालवर. पंडितने न सांगता गाडी थांबवली. ब्रेक ओढला. मी आधीच बरोबर आणलेले लाकडाचे दोन ठोकळे मागच्या चाकांना लावले. आबा दोन वर्षांपूर्वी पकड जायच्या आधी जिथे थांबायला हवा होता, तिथेच आम्ही थांबलो होतो.

वहिनी उतरल्या. दगडांपाशी नारळ फोडला, पाणी ओतलं. वारा नव्हता. सागाचं एक पानही हलत नव्हतं. मी घड्याळ पाहत केबिनच्या दाराशी उभा होतो.

त्या परत आल्या तेव्हा काटा उतरला होता.

मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटंही झाली नव्हती. दाबाचा काटा स्थिर होता, अगदी शांत. मी गाडीखाली शिरलो, चेंबरला हात लावला. कांडी तेलात होती. काटा खरं बोलत होता. मी ज्यात जन्म घालवला त्या कामातलं मला सगळं समजतं असं नाही, पण पाच आणि पंधरा यांतला फरक समजतो. ऊन तेच, भार तोच, तेल तेच.

बाहेर आलो तर वहिनी खोबऱ्याचा तुकडा घेऊन उभ्या होत्या.

"निवनं का?"

"हो."

"खालला वळणवरबी इतलाच येळ लागना का?"

त्यांनी खाली माझं घड्याळ पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. हो म्हणणं सोपं होतं. पण मी एकदा गप्प राहिलो होतो आणि एकदा अर्धं बोललो होतो.

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "तिथे पंधरा मिनिटं लागली. इथे लवकर निवलं."

"का बरं?"

"मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. खोबऱ्याचा तुकडा माझ्या तेलकट हातावर ठेवला आणि गाडीत चढून बसल्या. या वेळी त्यांनी काट्याला हात लावला नाही.

मी ठोकळे काढले. पंडितने गिअर टाकला आणि गाडी एक इंचही मागे न येता वर निघाली.